गाडी धुवायची की पुसायची?

मराठीत ‘धुणे’ आणि ‘पुसणे’ अशी दोन क्रियापदे आहेत आणि आपण त्यांना सारखा मान देत नाही. सणाला घर धुतो, घाईच्या दिवशी पुसतो. धुतले की मन भरते. पुसले की ‘चला, आजच्यापुरते झाले’ असे वाटते. गाडीच्या बाबतीत तर हे फारच खरे आहे. पाईपची धार, बोनेटवरचा फेस आणि अंगणातून रस्त्यापर्यंत गेलेला ओघळ, एवढे सगळे दिसल्याशिवाय गाडी धुतली असे कोणी मानतच नाही.

माझे म्हणणे सरळ आहे. केरीसारख्या गावात पाऊस संपल्यापासून पुढचा पाऊस येईपर्यंत नळाच्या पाईपने गाडी धुणे आता थांबवायला हवे. पाण्याशिवाय गाडी साफ करायचे स्प्रे बाजारात मिळतात, लोक त्याला ‘वॉटरलेस वॉश’ म्हणतात. रोजच्या धुळीला तो स्प्रे पुरतो. जिथे तो पुरत नाही तिथे एक बादली पुरते. या बाटलीत जादू नाही. तिच्यातही दोष आहेत आणि ते मी पुढे सांगणार आहे. पण दोष मोजूनसुद्धा हिशेब तिच्या बाजूने जातो.

आधी केरी कुठली ते सांगते, कारण गोव्यात या नावाची गावे एकापेक्षा जास्त आहेत. सत्तरीतल्या केरीला अंजुणे धरण आहे. मी बोलते आहे ती पेडण्यातली केरी, तेरेखोल नदीच्या मुखावरची. इथे एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला नदी, मध्ये फेरीबोट, आणि दोन्हीकडचे पाणी खारे. डोळ्यांसमोर पाणीच पाणी, आणि घरात नळाला पाणी कधी येते त्यावर लक्ष. किनाऱ्यावर राहणाऱ्या कोणालाही यात नवल वाटणार नाही.

पेडण्याला पिण्याचे पाणी मुख्यतः चांदेलच्या शुद्धीकरण प्रकल्पातून मिळत आले आहे. त्याची मूळ क्षमता दिवसाला १५ एमएलडी, म्हणजे दीड कोटी लिटर. आणि त्या प्रकल्पाला, तसेच डिचोली आणि बार्देशलाही, ज्या तिळारीचा आधार आहे ते धरण आपल्या हद्दीत नाहीच. ते आहे सिंधुदुर्ग जिल्ह्यातल्या दोडामार्ग तालुक्यात. प्रकल्प गोवा आणि महाराष्ट्राचा संयुक्त, त्यातला मोठा वाटा गोव्याचा, पण पाणी येते उघड्या कालव्याने. कालवा कुठे फुटला किंवा दुरुस्तीसाठी बंद ठेवला की पेडण्यातले नळ कोरडे पडतात. असे एकदा नव्हे, अनेकदा झाले आहे. नकाशात पाहा, चांदेल तालुक्याच्या आतल्या बाजूला आणि केरी पार समुद्राच्या टोकाला. टोकाच्या गावाला पाणी शेवटी मिळते, हे समजायला इंजिनीअर व्हावे लागत नाही.

“पण गोव्यात एवढा पाऊस पडतो!” हे वाक्य मी कॉलेजमध्ये, बसमध्ये, घरी, सगळीकडे ऐकले आहे. पडतो ना. वर्षाला साधारण ३,००० मिलिमीटर. पण तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो आणि उतारावरून धावत समुद्राला मिळतो. पावसाची सरासरी बारा महिन्यांची असते, तहान मात्र मे महिन्याची असते. जुलैमध्ये डोक्यावर कोसळणारे पाणी मेमध्ये टँकरमधून विकत घ्यावे लागते, हा आपल्याकडचा जुना विनोद आहे. तो आता कोणाला हसवत नाही.

त्यात गाड्या वाढल्या. मोपाच्या मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळाचे उद्घाटन ११ डिसेंबर २०२२ रोजी झाले आणि ५ जानेवारी २०२३ पासून विमाने सुरू झाली. तेव्हापासून पेडणे म्हणजे गोव्याचे मागचे दार राहिले नाही, पुढचे झाले. मोरजी, मांद्रे, हरमल, पालये आणि शेवटी केरी, या सगळ्या पट्ट्यात काळ्या पाटीवर पिवळी अक्षरे असलेल्या भाड्याच्या गाड्या दिसतात. पाहुणा गाडी परत करतो ती वाळूने आणि तांबड्या मातीने भरलेली असते. पुढच्या पाहुण्याला ती चकचकीत हवी असते. मध्ये वेळ असतो दोन तास. मग पाईप.

या धंद्यावर इथली कितीतरी घरे चालतात. म्हणून मी ‘गाड्या बंद करा’ असले काही म्हणणार नाही. गाडी स्वच्छ हवी, ही ग्राहकाची अपेक्षाही चुकीची नाही. प्रश्न फक्त एवढाच आहे की स्वच्छ करायला पिण्याचे पाणी किती जावे.

हे किती ते मोजता येते. आमच्या घरच्या पाईपखाली मी २० लिटरची बादली ठेवली आणि मोबाईलवर वेळ लावली. बादली ७० सेकंदांत भरली. म्हणजे मिनिटाला साधारण १७ लिटर. गाडी भिजवायला, फेस काढायला आणि शेवटी पुन्हा एकदा ‘नीट’ धुवायला मिळून पाईप दहा-अकरा मिनिटे चालू राहतो, आणि आपण साबण लावत असतो तेव्हा बहुधा तो जमिनीवर वाहत पडलेला असतो. एका गाडीला १८० लिटर सहज गेले. आता दुसरा आकडा पाहा. जल जीवन मिशनमध्ये ग्रामीण भागासाठी धरलेले प्रमाण आहे माणशी दिवसाला ५५ लिटर. ऑगस्ट २०२२ मध्ये ‘हर घर जल’ म्हणून प्रमाणित झालेले देशातले पहिले राज्य गोवाच. म्हणजे ज्या राज्याने प्रत्येक घरात नळ पोचवल्याचा मान मिळवला, त्या राज्यात एक गाडी एका आंघोळीत तीन माणसांचे दिवसभराचे पाणी पिते.

प्रेशर वॉशर याहून बरा, हेही सांगायला हवे. त्याची धार जोरदार दिसते, पण घरगुती मशीन मिनिटाला सहा-सात लिटरच पाणी घेते. साध्या पाईपपेक्षा निम्म्याहूनही कमी. दोन बादल्या आणि स्पंज घेतला तर ३०-४० लिटरमध्ये काम होते. तिसरा प्रकार आहे न खळबळता धुण्याचा. बादलीभर पाण्यात झाकणभर द्रावण टाकायचे, त्यात कापड बुडवून गाडी पुसायची आणि कोरडी करायची. साबणासारखे ते पुन्हा धुऊन काढावे लागत नाही. पाणी लागते आठ-दहा लिटर. आणि चौथा हा स्प्रे. एका गाडीला दीडशे-दोनशे मिलिलिटर, म्हणजे चहाचे दोन कप.

इथे नेहमीचा प्रश्न येतो. गाड्या भाड्याने देणाऱ्या शेजाऱ्याला मी हे सांगितले तेव्हा त्यांनी पेडण्याच्या बोलीत तो नेमका विचारला: “पाण्याबगर गाडी नितळ कशी जातली?”

जाते. ती कशी ते समजून घेतले पाहिजे, नाहीतर हा स्प्रे विकत घेऊन गाडी खराब करून बसाल. त्या बाटलीत बहुतांश पाणीच असते. त्यात मळ सोडवणारे घटक असतात, घसरण निर्माण करणारे पॉलिमर असतात आणि पुष्कळदा थोडे मेणही असते. फवारा मारल्यावर द्रावण धुळीच्या कणाभोवती आणि कणाखाली शिरते. कण पत्र्यापासून सुटतो आणि ओलसर थरावर तरंगल्यासारखा राहतो. मग मऊ, लव असलेल्या मायक्रोफायबर कापडाने तो अलगद उचलायचा. ‘उचलायचा’ हा शब्द इथे महत्त्वाचा आहे. घासायचा नाही.

गाडीच्या रंगावर जो पारदर्शक थर असतो त्याची जाडी ४०-५० मायक्रॉन, म्हणजे आपल्या केसाहूनही कमी. आणि आपल्या जांभ्याच्या धुळीत, किनाऱ्यावरच्या वाळूत काय असते? क्वार्ट्झ. काचेवर ओरखडा काढील एवढे कठीण. रोज सकाळी जुनी बनियन घेऊन कोरड्या गाडीवर जोरात हात फिरवणारे आपले चालक खरे तर गाडी पॉलिश करत नसतात, बारीक सँडपेपर मारत असतात. उन्हात बोनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या गोल रेषा दिसतात त्या यातूनच आलेल्या. तेव्हा गंमत अशी की ‘पुसणे’ आपण आधीपासून करतोच आहोत, फक्त चुकीचे करतो आहोत.

बरोबर पद्धत अवघड नाही. गाडी सावलीत लावायची आणि पत्रा थंड होऊ द्यायचा, कारण तापलेल्या पत्र्यावर द्रावण लगेच सुकते आणि डाग पडतात. एका वेळी एकच भाग घ्यायचा. वरून खाली यायचे: आधी टप, मग काचा, बोनेट, दरवाजे आणि सर्वांत शेवटी खालचा पट्टा, कारण जास्त रेती तिथेच असते. फवारा सढळ हाताने मारायचा आणि अर्धा मिनिट थांबायचे. कापडाची चौपदरी घडी घालायची, म्हणजे आठ बाजू मिळतात. हात न दाबता एकाच दिशेने पुसायचे, बाजू मळली की उलटायची. आठही मळल्या की कापड बदलायचे. दुसऱ्या कोरड्या कापडाने चमक आणायची. चाकांचे कापड वेगळे, ते चुकूनही दरवाज्याला लावायचे नाही. एका गाडीला पाच-सहा कापडे लागतात. अर्धा-पाऊण तास लागतो.

आता दोष. पहिला दोष म्हणजे हा स्प्रे चिखलाला चालत नाही. चाकांवर, दरवाज्याखाली जाड थर बसला असेल तर कितीही फवारा मारा, त्यातले सगळे कण सुटणार नाहीत, आणि पुसलेत तर ओरखडे नक्की. कच्च्या रस्त्यावरून आलेली किंवा डिचोलीत खनिजाच्या ट्रकांमागून आलेली गाडी असेल तर आधी मग्ग्याने पाणी मारून तो थर उतरवायला हवा. त्यासाठी एक बादली पुरते.

दुसरा दोष आपल्या किनाऱ्यासाठी जास्त महत्त्वाचा. खारा वारा गाडीला वरून लागतो तसा खालूनही लागतो. चासीला, बोल्टांना, ब्रेकच्या पाईपांना गंज चढतो, आणि गाडीच्या पोटाखाली स्प्रे घेऊन कोणी झोपत नाही. तिथे गोडे पाणी मारावेच लागते. पण ते महिन्यातून एकदा, प्रेशर वॉशरने, पाच मिनिटे. त्यासाठी दर दुसऱ्या दिवशी टपावर पाईप धरायचे कारण नाही. आणि ज्या गाड्या किनाऱ्यावर वाळूत घातल्या जातात त्यांच्याविषयी तर बोलायलाच नको. समुद्रकिनाऱ्यावर गाडी नेणे गोव्यात बेकायदा आहे. तरीही केरीच्या सुरूच्या झाडांपुढे चाकांच्या खुणा दिसतात. आधी कायदा मोडून गाडी खाऱ्या वाळूत घालायची आणि मग ती धुवायला गावाचे गोडे पाणी वापरायचे, हे दुहेरी उधळणे झाले.

तिसरा दोष जाहिरातीत लपवला जातो. ती पाच-सहा कापडे कोण धुणार? त्यांनाही पाणी लागतेच. हाताने धुतली तर दोन बादल्या, आणि चार गाड्यांची कापडे एकत्र मशीनला लावली तर दर गाडीमागे आणखी कमी. म्हणजे ‘शून्य पाणी’ हे खरे नाही. खरे गणित १८० लिटरऐवजी १५-२० लिटर असे आहे. मला हे गणितही पुरेसे चांगले वाटते. खोटे शून्य कशाला हवे? शिवाय मायक्रोफायबर म्हणजे प्लॅस्टिकचाच धागा, धुताना त्याचे बारीक तंतू सुटतात. बाटलीही प्लॅस्टिकची. म्हणून मोठा कॅन घेऊन तीच बाटली पुन्हा भरणे बरे, आणि ते स्वस्तही पडते.

चौथी गोष्ट दोष म्हणावी की नाही ते ठरवा. पाईपने गाडी धुवायला जोर लागत नाही, पुसायला हात लागतो. भाड्याच्या गाड्या साफ करणारे बहुतेक जण बाहेरून आलेले तरुण असतात. दिवसभर साबणाच्या पाण्यात राहून त्यांची बोटे फुटलेली मी पाहिली आहेत. स्प्रे आला म्हणून त्यांचे काम हलके होत नाही, उलट वेळ वाढतो, आणि बंद जागेत फवारा नाकातही जातो. तेव्हा मालकाचे पाणी वाचले, टँकरचे पैसे वाचले, पण मुलाला तेवढ्याच पैशात दुप्पट घासायला लावले, याला मी पर्यावरणप्रेम म्हणणार नाही. हातमोजे, मोकळी जागा आणि वाढलेल्या वेळेचे पैसे हा त्या बाटलीच्या किमतीचाच भाग धरला पाहिजे.

किमतीचेच बोलायचे तर तयार स्प्रेची बाटली साधारण तीन-चारशे रुपयांना मिळते आणि दोन-तीन गाड्यांना पुरते. पाणी घालून वापरायचे दाट द्रावण घेतले तर खर्च बराच उतरतो. वॉशिंग सेंटरपेक्षा हे स्वस्त आहे, नळाच्या पाण्यापेक्षा महाग. आणि मूळ अडचण तिथेच आहे. नळाचे पाणी आपल्याला इतके स्वस्त मिळते की ते वाचवायला पैसे मोजणे वेडेपणाचे वाटते. १५ ऑगस्ट २०२१ रोजी सरकारने महिन्याला १६,००० लिटरपर्यंत पाणी मोफत देण्याची घोषणा केली, तेव्हा योजनेचा हेतू पाणी वाचवणाऱ्याला बक्षीस देण्याचा होता. गरिबाच्या घरात पाणी मोफत जावे याला माझा विरोध नाही. पण लोकांनी त्यातला ‘मोफत’ एवढाच शब्द लक्षात ठेवला. आपली भाषाही आपल्याला साथ देते. ‘पैसा पाण्यासारखा खर्च केला’ असे आपण म्हणतो, म्हणजे पाणी हे उधळण्याचे परिमाण. ज्यांनी हा वाक्प्रचार घडवला त्यांच्या दारात बारमाही विहीर असेल. आपल्या दारात मीटर आहे.

यावर दोन आक्षेप येतात आणि दोन्हींत दम आहे.

पहिला आक्षेप असा: “हॉटेलांचे स्विमिंग पूल भरतात ते चालते, आणि आमच्या गाडीवर डोळा?” खरे आहे. दहा मीटर लांब, पाच मीटर रुंद आणि दीड मीटर खोल असा साधा पूलसुद्धा ७५,००० लिटर घेतो. त्यात चारशेहून जास्त गाड्या धुऊन होतील. म्हणून पुलाचा हिशेब मागायलाच हवा, बांधकामांचाही. पण दुसऱ्या बाजूनेही मोजून बघा. एका गावपट्ट्यात फक्त शंभर गाड्या धरा, आठवड्यातून एकदाच धुतल्या असे धरा. आठवड्याला १८,००० लिटर, महिन्याला ७२,०००. म्हणजे आपण सगळे मिळून दर महिन्याला जवळजवळ एक स्विमिंग पूल गटारात सोडतो, फक्त त्यात कोणी पोहत नाही म्हणून तो दिसत नाही. आणि ग्रामसभेत हॉटेलवाल्याला प्रश्न विचारायला उभे राहायचे असेल, तर आपल्या हातात वाहता पाईप असून कसे चालेल? ‘वाहत्या गंगेत हात धुणे’ आपण दुसऱ्यांबद्दल म्हणतो, एवढेच.

दुसरा आक्षेप जास्त घरगुती आहे: “आमची स्वतःची विहीर आहे, आम्ही सरकारचे पाणी वापरत नाही.” विहीर तुमची, पण झरा कोणाचा? जमिनीखाली कुंपण नसते. समुद्राजवळच्या गावात तर गोड्या पाण्याचा थर खाऱ्या पाण्यावर टेकलेला असतो. पंप लावून वरचे गोडे पाणी उपसत राहिलो की खालून खारे वर सरकते, आणि ते फक्त आपल्या विहिरीत येत नाही, शेजाऱ्याच्याही येते. वसईच्या किनाऱ्यावर लोकांनी हिरवा पट्टा आणि विहिरी वाचवण्यासाठी लढा दिला, त्यात फादर फ्रान्सिस दिब्रिटो पुढे होते. आपण साहित्याचे विद्यार्थी त्यांना ९३व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष म्हणून ओळखतो. पण ‘हरित वसई’चे फादर ही त्यांची त्याआधीची ओळख आहे. लेखकाने विहिरीबद्दल बोलू नये असे त्यांना कधी वाटले नाही. तेव्हा वाङ्मय मंडळाच्या अंकात हा गाडी धुण्याचा विषय कशासाठी, असे कोणी विचारले तर माझे उत्तर तयार आहे.

बाहेर काय चालले आहे तेही पाहू. मार्च २०२४ मध्ये बंगळूरच्या पाणीपुरवठा मंडळाने पिण्याच्या पाण्याने गाडी धुण्यावर बंदी घातली, दंड ५,००० रुपये. पहिल्या काही दिवसांतच २२ घरांकडून १ लाख १० हजार रुपये वसूल झाले. चंडीगडमध्ये उन्हाळ्यात पाईपने गाडी धुणाऱ्यांवर दरवर्षी कारवाई होते. दुबईत गाडी मळकट अवस्थेत सार्वजनिक जागेत सोडून दिली तर ५०० दिरहॅम दंड होऊ शकतो. तिथे पाणी आहे समुद्राचे गोडे केलेले, म्हणून मॉलच्या पार्किंगमध्ये ढकलगाडी, स्प्रे आणि कापडे घेऊन पोरे फिरतात आणि तुमची खरेदी होईपर्यंत गाडी पुसून ठेवतात. आपल्या गोव्यातले, सिंधुदुर्गातले कितीतरी लोक आखातात हे रोज पाहतात. तिथे ते वॉटरलेस वॉशला नाके मुरडत नाहीत. सुट्टीवर घरी आले की मात्र पहिल्या सकाळी अंगणात पाईप सुरू.

आणि महाराष्ट्राला २०१६ विसरता येणार नाही. त्या वर्षी एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले. रेल्वेच्या वाघिणीतून पिण्याचे पाणी येते ही गोष्ट आपल्याला दूरची वाटते, कारण आपल्याकडे पाऊस आहे. पण कालवा फुटल्यावर आपण कोणाकडून पाणी आणणार आहोत, याचे उत्तर आपल्याकडेही नाही.

ख्रिस्ती म्हणून मला यात आणखी एक बाजू दिसते. पोप फ्रान्सिस यांनी २४ मे २०१५ या तारखेच्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात पहिल्याच प्रकरणात पाण्यावर स्वतंत्र भाग लिहिला. सुरक्षित पाणी हा मूलभूत मानवी हक्क आहे असे ते स्पष्ट म्हणतात, आणि पुढे पाणी कमी वापरण्यासारख्या रोजच्या लहान सवयींनाही महत्त्व देतात. आपण ते परिपत्रक चर्चासत्रात वाचतो, आणि रविवारी मिस्साला येण्यापूर्वी गाडी पाईपने धुतो. नवी गाडी घेतली की फादरांकडून आशीर्वाद घेतो, तेव्हा गाडीवर पवित्र पाण्याचे चार थेंब पडतात आणि आपले समाधान होते. दसऱ्याला आमचे हिंदू शेजारी गाडीला झेंडूची माळ घालतात, हळदकुंकू लावतात. तिथेही देवाला पाण्याची टाकी लागत नाही. पवित्र गुरुवारी आपण पाय धुण्याचा विधी करतो. त्या प्रसंगात शुभवर्तमानात काय काय आहे आठवून पाहा: एक पात्र आणि एक टॉवेल. प्रभूने पाय धुतले आणि पुसलेही. पुसणे हे कमी दर्जाचे काम आहे असे तिथे कुठे दिसत नाही.

मग करायचे काय? उपदेश पुरे, काही साध्या गोष्टी सुचवते.

गाड्या भाड्याने देणाऱ्यांनी एक नियम करावा. नुसती धूळ असेल तर स्प्रे, माती असेल तर बादली, चासीसाठी महिन्यातून एकदा मशीन, आणि पाईप कधीच नाही. गाडी देताना पाहुण्याला तसे सांगावे. ‘ही गाडी पिण्याचे पाणी न वापरता साफ केली आहे’ असे एक स्टिकर लावले तर बहुतेक पाहुणे तक्रार करणार नाहीत, फोटो काढतील. गाडी वाळूत घालून आणली तर सफाईचे जादा पैसे घ्यावेत.

पंचायतीने ग्रामसभेत ठराव घ्यावा की मार्चपासून पावसापर्यंत नळाच्या पाण्याने पाईप लावून गाड्या धुवायच्या नाहीत. पहिल्या वर्षी दंड नको, फक्त ठराव आणि फलक. लाज ही गावात दंडापेक्षा चांगले काम करते. ओहळाच्या आणि झरीच्या काठी गाड्या धुणे मात्र लगेच बंद व्हावे, कारण तिथे पाणी वाया जाते एवढेच नाही, साबण आणि तेल थेट खालच्या शेतात आणि विहिरीत उतरते.

आणि सुरुवात आपल्या कॉलेजपासून व्हावी. आपल्या पार्किंगमध्ये शिक्षकांच्या, विद्यार्थ्यांच्या गाड्या उभ्या असतात. त्यातल्या काही तिथेच, आवारातल्या नळावर धुतल्या जातात. एक कॅन द्रावण, दोन डझन कापडे आणि दोन बादल्या एवढ्या सामानात हे बदलता येईल. राष्ट्रीय सेवा योजनेच्या मुलांनी एका शनिवारी ते करून दाखवावे आणि किती लिटर वाचले ते फळ्यावर लिहावे. आकडा समोर दिसला की माणूस सवय बदलतो, माझ्यावर तरी त्या बादलीचा तसाच परिणाम झाला.

गाडी चमकली पाहिजे हे मलाही मान्य आहे. फक्त शेजारच्या घरातल्या म्हातारीने नळाखाली हंडा लावून वाट पाहत बसावे आणि तिच्या दारावरून आपल्या गाडीचे फेसाळ पाणी वाहत जावे, ही चमक मला नको. केरीत पुढचा पाऊस येईपर्यंत पुष्कळ महिने आहेत. तोवर गाडी पुसा.